चार विती, वर काही नाही

आमच्या ह्यांच्या कंत्राटदाराचा एक नियम आहे. माणसाला सुट्टी हवी असेल तर पुढच्या महिन्यात बघू, गाडीला हवी असेल तर आज निघ. हे वर डोंगरात बोगद्याच्या कामावर जड पिकअप चालवतात. पाइप, मशीनचे सुटे भाग, डिझेलची पिंपं, जे वर न्यायचं ते ह्यांच्या गाडीतून जातं. ह्यांना ताप आला तर गोळी मिळते. गाडीला ताप आला तर मेकॅनिक येतो आणि त्यालाही जमलं नाही तर गाडी खाली आमच्या गावात येते, आणि तिच्याबरोबर हे येतात. त्यामुळे आमच्या घरात गाडीच्या तब्येतीची चौकशी फार आपुलकीनं होते. सासूबाई तर फोनवर लेकाला उघडच विचारतात, "टायर कधी झिजणार रे तुझे?"

मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, खिडक्यांचे पडदे, दवाखान्याच्या चादरी, आणि ज्यांना दुसरीकडचे कपडे अंगाला बसत नाहीत त्यांचे कपडे. माझं माप चुकत नाही. हे मी तोंड वर करून सांगते, कारण दुसरं तोंड वर करून सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. माणूस दारातून आत आला की त्याचा खांदा किती इंच भरेल ते मला टेप लावायच्या आधी कळतं. फोनवर मात्र कळत नाही. हे सहा महिने घरी आले नव्हते आणि ते बारीक झालेत की नाहीत हे मला नुसत्या आवाजावरून ओळखता येत नव्हतं. या गोष्टीचा मला फार राग यायचा.

अशात एके संध्याकाळी त्यांचा फोन आला. वर फक्त पाण्याच्या टाकीजवळ रेंज येते, तिथं उभं राहून ते रोज बोलतात.

"परवा रानडुक्कर आडवं आलं," ते म्हणाले. जसं काही शेजारी आडवे आले होते.

"तुम्हाला लागलं?"

"मला कुठं लागतंय? पुढची जाळी फुटली, एक हेडलाइट गेला. रेडिएटर थोडक्यात वाचला."

"आणि डुक्कर?"

"गेलं निघून. त्याला कुठं कंत्राटदार आहे?"

मग त्यांनी कामाचं सांगितलं. गाडीला पुढून मजबूत गार्ड बसवून आण, असं कंत्राटदारानं फर्मावलं होतं. वर तर वेल्डरच नाही. म्हणून गार्ड मी गावात आधीच बनवून ठेवायचा, हे येणार, बसवणार आणि परत जाणार.

"एका दिवसाची सुट्टी आहे. सकाळी येतो, संध्याकाळी निघतो."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि आनंदानं स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला लक्षात आलं की सकाळी येणार आणि संध्याकाळी जाणार, मधला सगळा वेळ गाडी वेल्डरकडे आणि हे गाडीजवळ. म्हणजे माझ्या वाट्याला एक जेवण, तेही घाईघाईतलं.

दुसऱ्या दिवशी मी वेल्डरकाकांच्या दुकानात गेले. त्यांना सगळे सबुरीकाका म्हणतात. गिऱ्हाइकानं घाई केली की ते म्हणतात "सबुरी", ग्राइंडर अडखळला की त्यालाही म्हणतात "सबुरी". दुकान म्हणजे पत्र्याची लांबट शेड, भिंतीला टेकवलेले पाइप, जमिनीवर लोखंडाचा कीस, आणि दाराशी चहाच्या टपरीचं बाकडं. तिथं दोन ड्रायव्हर कायम बसलेले असतात. त्यांच्या गाड्या दुरुस्त झाल्या तरी ते उठत नाहीत.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "गाडी कुठल्या रस्त्याची?"

"डोंगराची. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना रान. डुक्कर धडकलं."

"तीन प्रकार आहेत," ते म्हणाले आणि भिंतीकडे गेले. "हा बघा, वाकवलेला एकच पाइप. शोभेचा. गर्दीत पुढून कुणी टेकलं तर बंपर वाचतो. डुकराला हा दिसणारसुद्धा नाही."

"बसवायला किती वेळ?"

"तुमचा चहा होईपर्यंत."

तो पाइप माझ्या मनातून तिथंच उतरला. डुकराचं कारण होतंच, पण खरं सांगायचं तर चहाचं जास्त होतं.

"आणि तो?" मी कोपऱ्यात पडलेल्या काळ्या, रुंद धुडाकडे बोट केलं.

"तो पुरा लोखंडी बंपर. जुना काढून टाकायचा आणि हा लावायचा. भिंत पाडेल."

"बसवायला?"

"चासीला नवी भोकं, पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या, हेडलाइट पुन्हा जुळवायचे... चार दिवस तरी धरा."

"हाच करा," मी म्हटलं.

काकांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "सबुरी, ताई. ह्या गाडीचं इंजिन आधीच जड. भरलेली गाडी उतारावर ब्रेक मारला की नाक खाली घालते. त्या नाकावर आणखी एक म्हैस बसवून द्यायची का? स्टिअरिंग जड होईल, पुढचे टायर खाईल. डुकरापासून वाचवून दरीत घालायचं, असला गार्ड मी विकत नाही."

मी मान डोलावली. डोक्यात मात्र चार दिवस घोळत होते. चार दिवसांत हे दुपारी पंख्याखाली पालथे झोपले असते आणि मी मशीन हळू चालवलं असतं. हे सासूबाईंशी रेडिओच्या आवाजावरून भांडले असते. मी त्यांच्या पाठीला टेप लावून बघितला असता. रात्री कूस बदलताना पलंग त्यांच्या बाजूला खाली गेला असता. सहा महिने पलंग सगळीकडून सारखा होता, आणि सारख्या पलंगावर मला झोप लागत नाही.

पण तो उतारही डोळ्यांसमोर येत होता. मला हे घरी हवे होते, आणि धडही हवे होते.

"मधला दाखवा," मी म्हटलं.

मधला म्हणजे उभ्या-आडव्या पाइपांचा गार्ड. हेडलाइटपुढे जाळी, ती बिजागरीवर उघडणारी, म्हणजे बल्ब बदलता येतो. मधोमध मोकळी जागा, म्हणजे रेडिएटरला वारा मिळतो. त्याला मागे दोन पाय होते. ते पत्र्याला किंवा बंपरला लागत नाहीत, थेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टनं आवळायचे.

"धक्का सांगाडा खातो, माणूस नाही," काका म्हणाले. "आणि वजन बेताचं. पण दोन पायांमधलं अंतर बिनचूक लागतं. असल्या गाडीला मी आजवर गार्ड केलेला नाही. माप बरोबर आलं तर दोन तासांत बसवून देतो."

"मापाची काळजी करू नका," मी ऐटीत म्हटलं. घरी येताना वाटलं, आपली जीभ छाटून त्याच बाकड्यावर ठेवावी. दोन तास.

संध्याकाळी फोन आल्यावर मी कागद घेऊन बसले. "टेप घ्या आणि एकेक सांगा."

"टेप नाही गं. तुटला."

"माझा?"

हे पहिल्यांदा वर गेले तेव्हा माझा जुना कापडी टेप मागून घेऊन गेले होते, पिवळा, कडा दुमडलेला, माझ्या गळ्यात वर्षानुवर्षं असायचा तो. पाइप मोजायला लागतो म्हणाले. शिवणकामाच्या टेपनं कुणी लोखंडी पाइप मोजत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी दिला, आणि बरेच दिवस मनातल्या मनात खूश होते.

"कापडाचा टेप तुटतो कसा?" मी विचारलं.

"उंदरांनी कुरतडला असेल. तू लिही ना. वितीनं सांगतो."

मला रडूच यायचं बाकी होतं, पण लिहायला घेतलं. एका हेडलाइटपासून दुसऱ्यापर्यंत किती, जमिनीपासून बंपर किती उंच, बॉनेटची कड किती वर. सगळं विती आणि बोटांत. शेवटी मी काकांचं मुख्य माप विचारलं.

"चासीच्या दोन टोकांमध्ये चार विती."

"वर बोटं किती?"

"वर काही नाही."

"नीट बघितलंत?"

"चार विती, वर काही नाही," ते म्हणाले, आणि थोडा वेळ नुसताच वारा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझा कागद वाचून तसाच परत दिला. "वीत कुणाची?"

"आमच्या ह्यांची."

"मग ती आधी आणा. माझ्या वितीनं केला तर गार्ड ट्रॅक्टरला बसेल."

बाकड्यावरचे ड्रायव्हर हसले. मी घरी आले आणि ह्यांची वीत शोधायला लागले. स्वयंपाकघरात खिडकीखाली एक फळी आहे. लग्नानंतर ह्यांनीच बसवलेली. तेव्हा भिंतीवरून विती टाकत गेले होते आणि "पाच" म्हणून फळी कापून आणली होती, ती अशी चपखल बसली की खिळासुद्धा नको होता. फळी मोजली, पाचानं भागली. सव्वानऊ इंच.

एका मापावर मी कापडाला कात्री लावत नाही. सासूबाईंना विचारलं. त्यांनी चटकन हात पसरला. "माझ्या वितीहून एक बोट जास्त. लहानपणी रोज माझ्या हाताला हात लावून बघायचा, कधी मोठा होतो म्हणून. एकदाचा मोठा झाला आणि गेला." त्यांचा हात मोजला, वर त्यांचंच एक बोट धरलं. पुन्हा सव्वानऊ.

तिसरं माप मी कुणाला सांगितलं नाही. आत जाऊन दार लोटलं. बाजूला बसले की ह्यांची सवय, माझा हात मांडीवर घ्यायचा आणि कोपराच्या खळगीत अंगठा ठेवून वीत पसरायची. करंगळी मनगटाच्या हाडापर्यंत यायची, अगदी हाडावर नाही, एक गहू अलीकडे. मी डोळे मिटले, करंगळी जिथं यायची तिथं खडूची खूण केली आणि टेप लावला. सव्वानऊ. मग खडू पुसायचं सोडून तशीच बसून राहिले. सासूबाईंनी बाहेरून दोनदा हाक मारली.

सव्वानऊ चोक सदतीस. काकांनी सदतीस इंचावर गार्डचे पाय जोडले, काळा रंग मारला आणि गार्ड भिंतीला उभा करून ठेवला.

हे आले त्या सकाळी सासूबाईंनी कोपऱ्यावरच हॉर्न ओळखला. गाडीचा एक डोळा फुटलेला, तिथं चिकटपट्टी. हे उतरले. खांद्यात पाऊण इंच कमी झाले होते, गळ्याशी सदरा ढगळ. मी पाणी दिलं. ते पिऊन तसेच आम्ही दोघं काकांकडे गेलो.

हेडलाइटची जाळी हेडलाइटपुढे आली. उंची बरोबर. मधली मोकळी जागा रेडिएटरसमोर अगदी नीट. काका गाडीखाली सरकले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"पाय बसत नाहीत," ते खालून म्हणाले. "चासी चाळीस आहे. गार्ड सदतीस."

"शक्यच नाही," मी म्हटलं.

"या, बघा."

मी गाडीखाली वाकले आणि स्वतः टेप लावला. चाळीस. मग उठून सगळ्यांसमोर ह्यांचा हात ओढला, पंजा बॉनेटवर दाबून पसरवला आणि मोजला. सव्वानऊ. मी म्हटलं, "बघा. वीत बरोबर आहे. मी चुकलेली नाही."

"वर थंडी असते," हे म्हणाले. "हात आखडला असेल."

बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, "टेलरबाईंचं माप चुकलं म्हणजे कमालच झाली." ही बातमी दुपारपर्यंत शाळेच्या हेडबाईंपर्यंत पोचणार हे मला माहीत होतं. माझे कान तापले.

काकांनी सांगितलं, पाय कापायचे, तुकडा घालून जोडायचे, घासायचे, प्रायमर, रंग. परवा मिळेल. हे बाजूला जाऊन कंत्राटदाराला फोन लावून आले. कंत्राटदाराचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. ह्यांचा आवाज अगदी गरीब होता. "हो साहेब... नाही, गाडी अशीच आणली तर पुन्हा... हो साहेब. बायकोनं माप चुकवलं."

मी तिथून जी चालायला लागले ती घरी येऊनच थांबले. ह्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. सहा महिने ज्या माणसाशी बोलायला जीव तुटत होता तो समोर बसून जेवत होता आणि मी भिंतीशी बोलत होते. "भिंतीला आणखी वाढू का?" "भिंतीला झोपायचं असेल तर चादर काढून ठेवली आहे." सासूबाईंना कशाचंच काही नव्हतं. लेक परवापर्यंत राहणार, मग सुनेचं माप चुकलं काय आणि नाक कापलं गेलं काय.

हे दुपारी खरंच पंख्याखाली पालथे झोपले. मी त्यांचे मळके कपडे आणायला गाडीत गेले. पिशवी सीटखाली होती. समोरचा कप्पा उगाच उघडला, फडकंबिडकं असेल तर धुवायला घ्यावं म्हणून.

आत गाडीचे कागद होते आणि त्यांच्यामागे प्लास्टिकची पिशवी, रबर लावलेली. पिशवीत माझा टेप होता. नीट गुंडाळलेला. कुठं तुटलेला नाही, उंदराचा दातसुद्धा लागलेला नाही. मी तो उलगडत गेले. काही आकड्यांवर ग्रीसचे फिकट ठसे होते, हेडलाइटचं माप, बॉनेटचं माप. आणि चाळीसच्या आकड्यावर काळाभोर अंगठा उमटलेला होता. इतरांपेक्षा गडद. तिथं त्यांनी टेप बराच वेळ धरून ठेवला असावा.

म्हणजे त्यांनी मोजलं होतं. चार विती, वर चार बोटं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि टाकीजवळ उभं राहून मला सांगितलं, वर काही नाही. हेडलाइट बरोबर सांगितले, उंची बरोबर सांगितली, रेडिएटरची मोकळी जागा बरोबर सांगितली. फक्त जे कापून जोडता येतं तेवढंच चुकवलं. बिघडवलं तेही बेतानं.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून रडले. राग होताच. माझं नाव, माझं एकुलतं एक नाव, ह्या माणसानं दोन दिवसांसाठी बाजारात उभं केलं होतं. पण रडू त्याचं नव्हतं. मला वाटायचं, वाट फक्त मी बघते. हे आपले तिकडं पाइप चढवतायत, उतरवतायत, डुकरांना धडकतायत, आणि टाकीजवळ येऊन हवापाणी सांगतायत. सहा महिने मी फोनवर त्यांची पाठ मोजायला बघत होते आणि तिकडं तेही काहीतरी मोजत होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टेप मी पिशवीसकट पोलक्यात खोचला आणि तशीच काकांकडे गेले. बाकड्यावर दोघेही होते. मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काका, चूक माझी होती. माप माझ्याकडून चुकलं."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "चाळीसचे सदतीस कसे झाले?"

"झाले हातून." मी गार्डकडे बघितलं. पाय कापून झाले होते, जोडायचे होते. "रंगाचे हात किती देता?"

"एक."

"दोन द्या. वर ओल फार असते, गंजेल."

"मग पहिला हात पुरा वाळायला हवा. एक दिवस आणखी जाईल."

"सबुरी," मी म्हटलं.

काका हसले नाहीत. फक्त दुसऱ्या डब्याचं झाकण उघडून ठेवलं.

त्या संध्याकाळी मी भिंतीशी बोलणं बंद केलं. का बंद केलं ते ह्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांच्या पाठीला टेप लावला, दोन सदरे शिवले, खांद्यात पाऊण इंच आत घेऊन. मग ते पाऊण इंच उसवून पुन्हा सोडलं, वर जाऊन अंग भरेल म्हणून. त्यांचं सासूबाईंशी रेडिओवरून भांडण झालं. पलंग एका बाजूला खाली गेला आणि मी सकाळी उशिरा उठले.

शेवटच्या दिवशी मी रोज सकाळी जात होते तशी दुकानात गेले. रंग वाळला का बघायला गार्डच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं अंगठा दाबला. रंग किंचित ओला होता. अंगठा उमटला. पुढची बाजू मात्र खडखडीत वाळलेली होती.

"आत पुन्हा हात मारतो," काका म्हणाले.

"राहू दे," मी म्हटलं.

पाय चासीला चपखल बसले. दोन तासांत काम झालं. गाडीचं तोंड आता दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं, जबडा आवळलेलं. निघताना हे स्टिअरिंगवर बसले आणि कप्प्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली. पिवळा टेप मी गळ्यात घातला होता.

"सापडला?" ते म्हणाले.

"उंदरांनी आणून दिला."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "परत देतेस?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही आपलं वितीनंच मोजत जा."

गाडी वळणापर्यंत दिसली. सासूबाई दारातच बसून राहिल्या. मी मशीनवर बसले, सुईत दोरा ओवायला तीनदा चुकले आणि पलंगाची चादर बदलायची होती तीही बदलली नाही.

पुढच्या आठवड्यात टाकीजवळून फोन आला. "गार्ड झकास आहे," ते म्हणाले. "आतल्या बाजूला कुणाचा तरी अंगठा उमटलाय."

"काकांचा असेल."

"काकांचा एवढासा नाही." "रोज गाडी चालू करायच्या आधी बघतो."

"अहो," मी म्हटलं, "पुढचं झालं. मागच्या बंपरचं काय?"

पलीकडे वारा वाहत होता.

"मोजून सांगतो," ते म्हणाले.